चाळीस कदम

आंब्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या अकरा होत्या आणि माणसं सतरा. पोलिसांच्या जीपा दोन, जेसीबी एक, पाण्याचे जार तीन, त्यातला एक संपलेला. खड्डे तीन, तिन्ही रिकामे. पहिला खड्डा आंब्यापासून उत्तरेला पस्तीस मीटरवर. दुसरा त्याच्या पश्चिमेला. तिसरा मधेच कुठंतरी, कारण जेसीबी चालवणाऱ्या रसूलला तिथली माती जरा निराळी वाटली होती. हंबीररावांची खुर्ची आणि रंगूबाईंची खुर्ची यांच्यात साडेचार मीटरचं अंतर होतं. हे अंतर हंबीररावांच्या नातीनं, साक्षीनं, नजरेनं मोजलं होतं. तिची नजर सहसा दहा टक्क्यांहून जास्त चुकत नसे.

ज्या विहिरीसाठी हे सगळं चाललं होतं ती सत्तावीस वर्षांपूर्वी बुजवलेली होती. सातबाऱ्यावर 'विहीर एक' एवढीच नोंद होती. कुठं, ते सातबारा सांगत नव्हता.

मोटारीच्या खोलीचा दरवाजा मात्र सांगत होता. विहीर बुजवली त्याच आठवड्यात हंबीररावांनी त्याच्या आतल्या बाजूला निळ्या रंगानं लिहून ठेवलं होतं : 'जुनी विहीर. आंब्यापासून उत्तरेस ४० कदम. ट्रॅक्टर घालू नये.' पोकळ जागेत ट्रॅक्टर रुतू नये एवढाच त्यांचा हेतू. पुढं जमीन दबली, सपाटीकरण झालं, विहिरीवरून ऊस उगवून चौदा-पंधरा वेळा कारखान्याला गेला आणि ती सूचना कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

जानेवारीत सांगलीला हरिबा नावाचा म्हातारा ट्रकड्रायव्हर एका जुन्या खुनात सापडला. पहिला जबाब देऊन झाल्यावर त्यानं पाणी मागितलं, प्यायला, आणि आणखी तीन सांगितले. एक पाटणच्या अलीकडं, एक कोयनानगरच्या घाटात, एक आष्ट्याजवळ. आष्ट्याजवळचा माणूस म्हणजे नानासो. हंबीररावांचा धाकटा भाऊ, रंगूबाईंचा नवरा. साखरेची पोती ट्रकमधून परस्पर उतरवताना नानासोंनी त्याला पाहिलं होतं. त्यानं डोक्यात घाव घातला, ट्रकच्या स्प्रिंगचे दोन लोखंडी पाटे प्रेताला तारेनं बांधले आणि रस्त्याकडेच्या विहिरीत सोडून दिलं. पोलिसांनी त्याला जागा दाखवायला आणलं, तेव्हा त्यानं दोन एकरांवरून हात फिरवला आणि "इथंच कुठंतरी हुती बघा," म्हणाला.

खणायची परवानगी तीन दिवसांची होती. आज तिसरा दिवस, सकाळचे साडेदहा.

सांगलीच्या गुन्हे शाखेच्या सहायक निरीक्षक ताहेरा शिकलगार यांनी पहिल्याच दिवशी घरच्यांना बसवून नीट समजावलं होतं. पोलिसांपुढची कबुली म्हणजे नुसता कागद. तिच्या जोरावर जागेवरून काही निघालं तरच कोर्ट बघतं. आरोपीनं एक आकडा सांगितलाय, तारेचे वेढे किती घातले त्याचा. तो फक्त त्यांच्या वहीत आहे. पेपरवाल्यांना नाही, घरच्यांना नाही. वेढे तेवढेच निघाले तर कबुली खरी. सहा वाजेपर्यंत काहीच निघालं नाही, तर त्यांना 'जागा मिळून आली नाही' असं लिहावं लागेल.

"आणि मग जुनी फाईल?" साक्षीनं विचारलं होतं.

"जुनी फाईल आहे तशीच राहील."

जुन्या फाईलमध्ये संशयित म्हणून एकच नाव होतं. ते आता ऐंशी वर्षांचं होतं आणि साडेचार मीटरवर काठीवर हनुवटी टेकून बसलं होतं.

*

रंगूबाईंच्या मुलाला, वीरधवलला, आपण जन्मभर ज्या खुर्चीत बसायचं ती मधली असणार, हे दहाव्या वर्षीच कळलं होतं. एकीकडं आई, दुसरीकडं थोरले काका. आई सांगायची, ह्यानंच माझ्या मालकाला घालवलं, बांधावरनं भांडण झालं हुतं त्याच आठवड्यात. काका काहीच सांगायचे नाहीत. फक्त जूनमध्ये वह्या, दप्तर आणि बूट यायचे, बूट नेहमी एक नंबर मोठे. आईचा हुकूम होता की त्या घरात पाणीसुद्धा प्यायचं नाही. वीरधवल पाणी पीत नसे. दर दुसऱ्या रविवारी तिथं मटण खात असे. हे आईला ठाऊक नाही अशी त्याची वीस वर्षं समजूत होती. आईला ते त्याच्या शर्टाच्या वासावरून कळायचं आणि त्या संध्याकाळी ती त्याला मुद्दाम दोडक्याची भाजी वाढायची.

पहिला खड्डा त्याच्या चुकीचा होता. आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून त्यानं चाळीस कदम टाकले होते, मोठ्यानं मोजत, पंचांसमोर. खाली अस्सल मुरूम लागला, कुणी कधी न हलवलेला.

"तुझं पाय म्हंजी काय पाय हायती," राजेश्वरी म्हणाली. ती हंबीररावांची मुलगी, साक्षीची आई, पाटणहून दोन डबे आणि एक मत घेऊन आली होती. तिच्या मते विहीर पश्चिमेला होती, कारण लहानपणी ती विहिरीवर धुणं धुवायला गेली की दुपारी ऊन डोळ्यांवर यायचं. दुसरा खड्डा तिच्या मतावर खणला होता. त्यानंतर तिनं मत बाजूला ठेवून डबे उघडले.

"आबा एवढ्या जवळ बसल्यात," ती भाकरी मोडत म्हणाली, "त्यांनी नुसती मान हलवली तरी काम हुतंय. पण न्हाई. आमच्या घरातली मान ताठच जन्माला येती."

हे खरं होतं. आणि त्याला कारणही होतं.

*

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, नानासो बेपत्ता झाल्याच्या चौथ्या दिवशी, हंबीररावांना रस्त्याच्या कडेला भावाची एक चप्पल दिसली. त्यांनी पोलिसांना ती जागा दाखवली. तुम्हालाच बरी दिसली, असं म्हणून पोलिसांनी त्यांना अकरा दिवस बसवून ठेवलं. विहिरीत गळ टाकून पाहिले. गाळ वर आला. मे महिन्यात त्या विहिरीत म्हैस पडली, म्हणून हंबीररावांनी ती बुजवून टाकली, आणि मग गावालाही जे समजायचं ते समजलं.

तेव्हापासून हंबीररावांनी कुणाला काही दाखवणं सोडून दिलं. अक्षरशः. आष्ट्यात कुणी स्टँडचा रस्ता विचारला तर ते म्हणत, "दुसऱ्या कुणाला तरी इचारा." साक्षी पाच वर्षांची असताना तिनं चंद्र कुठाय विचारलं, तर त्यांनी तिला खांद्यावर घेऊन सगळीकडं फिरवलं, पण बोट वर केलं नाही.

रंगूबाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं तेही तेव्हापासून. सुरुवातीची दोन-तीन वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. धाकट्या घरच्या बाईनं थोरल्या दिरासमोर पदर ओढून गप्प राहणं ही रीतच होती. उलट, रंगूबाई किती मर्यादेनं वागतात, असं चार बायका म्हणाल्या. भिंत सामाईक होती, मोटार सामाईक होती, म्हणून बोलावं तर रोजच लागे. ते म्हशीमार्फत होई. "मोटार बंद करा म्हणावं, पाणी फुकट चाललंय," असं रंगूबाई म्हशीला सांगत. "वायर बदलल्याबिगर बंद हुत न्हाई म्हणावं," असं पलीकडून म्हशीलाच उत्तर येई. त्या काळात लागोपाठ तीन म्हशी झाल्या. तिघींनी निरोप बरोबर पोचवले.

आत्ता साक्षी आजोबांच्या खुर्चीशी उकिडवी बसली होती.

"आबा, तुम्हाला माहितीये ना?"

"काय?"

"विहीर कुठंय ते."

हंबीररावांनी तीन खड्ड्यांकडं एकेक करून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, कुणी दुसऱ्यानं केलेली वाकडी नांगरट बघताना शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी आलं आणि गेलं.

"एक चप्पल दावली तर अकरा दिस बसवलं," ते म्हणाले. "आता सबंध हीर दावू व्हय?"

*

साक्षी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होती. माणसं बोलत नसतील तर वस्तू मोजाव्यात असं तिला वाटे. तिनं बॅगेतून तीस मीटरची टेप काढली आणि मामाला चालायला लावलं. वीरधवल सहा फूट एक इंच. दहा पावलं चालला. टेपवर आठ मीटर ऐंशी. म्हणजे एका पावलाला अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. मग तिनं आईला चालवलं : चौसष्ट. रसूलही हौसेनं उतरला : बहात्तर. ताहेरांनी मात्र "मला पंचनाम्यात चालायला लावू नका," म्हणून नकार दिला, पण आकडे वहीत उतरवून घेतले.

"चाळीस कदम म्हणजे मामाचे पस्तीस मीटर," साक्षी म्हणाली, "आणि आईचे साडेपंचवीस. साडेनऊ मीटरचा फरक. विहीर जेमतेम चार मीटर रुंद. आपण आकडा बरोबर घेतला आणि पाय चुकीचे घेतले."

रंगूबाई इतका वेळ पदराच्या टोकाला गाठ मारून सोडत बसल्या होत्या. कपाळावर नेहमीएवढंच कुंकू होतं. नवऱ्याला ह्यानं मारलं, असं त्या सत्तावीस वर्षं म्हणत आणि रोज सकाळी कुंकूही लावत. राजेश्वरीनं एकदा त्यांना विचारलं होतं, काकी, एक काहीतरी ठरवा की.  ठरवलं तर होतंच. गावात दुसरीच बोलवा होती, नानासो कुणा बाईबरोबर निपाणीकडं गेला म्हणून. पळून गेला, यापेक्षा मारला, हे रंगूबाईंना सोसणारं होतं. पण मारला म्हटलं की मारणारा लागतो, आणि भिंतीपलीकडं एक आयता होता.

हे त्यांनी स्वतःशी इतक्या सरळ शब्दांत कधी म्हटलं नव्हतं. जानेवारीत पोलिसांची जीप दारात आली, ताहेरांनी हरिबाचं नाव घेतलं, तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. त्याला आता पाच आठवडे झाले होते, आणि पाच आठवडे त्या भिंतीकडं पाठ करून झोपत होत्या.

"साक्षी," त्या म्हणाल्या. "ती दोरी गुंडाळ."

"टेप आहे, आजी."

"असंल. उगं सगळ्यांस्नी चालवू नगं. ह्या घरात कदम एकालाच टाकता येत्यात. बाकीची नुस्ती चालत्यात."

 मग राजेश्वरीनं कपाळावर हात मारला.

हंबीरराव पलटणीत हवालदार होते. शेवटची सहा वर्षं बेळगावला त्यांनी रंगरुटांना ड्रिल शिकवलं होतं. तिथं पाऊल तीस इंचांचं असतं. जास्त नाही, कमी नाही. रजेवर आले की ते शेताचा बांधसुद्धा तसाच चालत, आणि मागून नानासो त्यांची नक्कल करत चालायचा. रंगूबाई नव्या नवरी असताना ती वरात बघून पदरात तोंड घालून हसल्या होत्या. घरातल्या प्रत्येकानं ते चालणं पाहिलं होतं. दरवाजावरचा 'कदम' वाचताना मात्र प्रत्येकानं स्वतःच्या पायांकडं पाहिलं.

"तीस इंच म्हणजे शहात्तर पॉइंट दोन," साक्षी म्हणाली. "गुणिले चाळीस, तीस मीटर अठ्ठेचाळीस. पण नुसतं अंतर पुरणार नाही. उत्तर कुठली? होकायंत्राची का त्यांच्या अंदाजाची? पाच अंश इकडचं तिकडं झालं तरी अडीच मीटर चुकेल. आणि आता आणखी एकच खड्डा होईल एवढा वेळ आहे."

ताहेरांनी घड्याळ पाहिलं. मग हंबीररावांकडं पाहिलं. मग, गेले तीन दिवस बघत होत्या त्यावरून असेल, त्यांनी हंबीररावांना काही विचारलं नाही. त्या रंगूबाईंकडं बघत राहिल्या.

*

साडेचार मीटर चालायला रंगूबाईंना किती पावलं लागली ते कुणी मोजलं नाही. त्या हंबीररावांच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर होता, तो त्यांनी पुढं ओढला नाही.

"भावजी, उठा. जागा दावा."

हंबीररावांनी साक्षीकडं पाहिलं. "कोण म्हणतंय इचार."

"मी म्हणते. रंगू. पोरीला मधी घालू नगा, ती काय म्हस हाय?"

वीरधवल हसला आणि लगेच खोकला. हंबीरराव हसले नाहीत.  

"आन उद्या म्हणचीला," ते हळूच म्हणाले, "ह्याला जागा बरी ठावं."

"न्हाई म्हणणार."

"पयल्यांदा बी कोण म्हणणार नव्हतं."

"म्हणायचं ते सत्तावीस वर्सं म्हणून झालं माझं," रंगूबाई म्हणाल्या. "काय निघालं त्यातनं? हे असलंच, तीन खड्डं. आता तुमी सांगा, मी ऐकते."

ताहेरा पुढं आल्या. वही उघडून त्यांनी उभ्यानंच एक वाक्य लिहिलं आणि हंबीररावांना मोठ्यानं वाचून दाखवलं : सदर विहीर यांनी स्वतः बुजवली असल्याने विहिरीची जागा त्यांना माहीत आहे, आत काय आहे हे त्यांना माहीत असल्याचे दिसून येत नाही. खाली पंचांची सही घेतली. मग म्हणाल्या, "बाबा, हे तुम्ही चालायच्या आधी लिहिलंय. वेळ पण टाकलीय. अकरा वाजून वीस मिनिटं."

हंबीररावांनी ते वाक्य आणखी एकदा वाचायला लावलं. मग काठी वीरधवलच्या हातात दिली.

"टोपी," ते म्हणाले.

टोपी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. ती रंगूबाईंनी काढून दिली.

आंब्याला पाठ लावून ते उभे राहिले, मग डावीकडं दोन बोटं सरकले. वीरधवल सरळ गेला होता. हे देवळाच्या कळसाकडं तोंड करून होते. त्यांच्या उत्तरेचा तो कळस होता, आणि चाळीस वर्षांत त्यांना दुसरी उत्तर लागली नव्हती. डावा गुडघा वाकत नव्हता, तरी पहिलं पाऊल डावंच पडलं. कापलेल्या उसाचे बुडखे पायात येत होते, ते त्यांनी चुकवले नाहीत, तुडवले. वीरधवल काठी घेऊन मागून चालला. सातव्या-आठव्या पावलाला राजेश्वरीच्या लक्षात आलं की तोही तसाच चालतोय, हात तसेच हलवत, आणि आपण असं करतोय हे त्याला कळलेलं नाही. तिनं रंगूबाईंकडं पाहिलं. रंगूबाईंनी पदर तोंडात घातला होता. पण या वेळी त्या हसत नव्हत्या.

साक्षी टेप घेऊन मागं होती. दहाव्या पावलाला सात मीटर अठ्ठावन्न. विसाव्याला पंधरा मीटर दहा. तिथं ते थांबले, दम घेतला. कुणी पुढं झालं नाही. चाळिसाव्याला त्यांनी टाच मारली आणि सत्तावीस वर्षं जे टाळलं होतं ते केलं. उजवा हात उचलून, बोट खाली करून, जागा दाखवली.

"रसूल," ते म्हणाले, "हितं. काठाचं दगड हातभर खाली लागतीला. हळू."

टेप तीस मीटरवर संपत होती. साक्षीनं उरलेलं पट्टीनं मोजलं : सव्वीस सेंटिमीटर.

*

दगड हातभर नाही, दीड हातभर खाली लागले. सपाटीकरणात वर माती पडली होती, असं हंबीररावांनी ताबडतोब सांगितलं. चुकलो असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

दुपारी कुणी घरी गेलं नाही. राजेश्वरीचे दोन्ही डबे सतरा माणसांत संपले. रंगूबाईंची खुर्ची नव्या खड्ड्याच्या कडेला आणून ठेवली आणि हंबीररावांची तिच्या शेजारी, कारण सावलीचा तेवढाच तुकडा होता.  एकदा रंगूबाई म्हणाल्या, की मोटारीची वायर अजून तीच हाय. हंबीरराव म्हणाले, मंगळवारी बदलतो. कुठल्या मंगळवारी ते त्यांनी सांगितलं नाही आणि रंगूबाईंनीही विचारलं नाही.

विहीर उथळ होती. पावणेचारला, चार मीटर साठ सेंटिमीटरवर, बकेट लोखंडाला लागल्याचा आवाज झाला आणि रसूलनं मशीन बंद केलं. मग पोलिसांबरोबर आलेले डॉक्टर उतरले, दोन माणसं खुरपी आणि ब्रश घेऊन उतरली. वरच्यांना मागं सरायला सांगितलं. रंगूबाई मागं सरल्या नाहीत, त्यांना कुणी सांगितलंही नाही.

आधी पाटा दिसला. मग दुसरा. मग त्यांच्यामधलं, ज्याच्यावर डॉक्टरांनी लगेच पांढरं कापड टाकलं.

रंगूबाईंनी हात बाजूला केला. धरायला काहीतरी हवं होतं. तिथं हंबीररावांचा हात होता.

"मागनं नक्कल करत हुता माझी," हंबीरराव म्हणाले. "मला ठावं हुतं. मी कवा मागं वळून बघितलं न्हाई."

पाच वाजून दहा मिनिटांनी लोखंड वर आणून ताडपत्रीवर ठेवलं. तार गंजून पाट्यांना चिकटली होती, पण तुटली नव्हती. डॉक्टरांनी ब्रशनं माती काढली. वेढे आधी पंच म्हणून आलेल्या मास्तरांनी मोजले, बोट न लावता. मग ताहेरांच्या सांगण्यावरून साक्षीनं दुसऱ्या बाजूनं मोजले. दोघांनी आकडा एकमेकांना न दाखवता कागदावर लिहिला.

मास्तरांच्या कागदावर नऊ होता. साक्षीच्या कागदावर नऊ होता. ताहेरांनी वहीचं जानेवारीतलं पान उघडून रंगूबाईंसमोर धरलं. रंगूबाईंना वाचता येत नव्हतं. हंबीररावांनी चष्मा लावून वाचलं.

"नऊ," ते म्हणाले.